पेइंग गेस्ट आणि विजेचे बिल

पुण्याच्या पेठांत काय किंवा मुंबईच्या दादर-पार्ल्यात काय, राहत्या घरातील एखादी खोली शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या परक्या माणसास देऊन संसाराच्या उत्पन्नात भर घालण्याची रीत जुनी आहे. आणि भाड्याची रक्कम, स्वयंपाकघराचा वापर, रात्री परतण्याची वेळ इत्यादी सर्व कलमे पहिल्याच दिवशी ठरली, तरी मालक व पेइंग गेस्ट यांच्यामध्ये मीटर एकच असल्याकारणाने दरमहा एका विषयावर कुरबूर व्हायची ती होतेच.

माणशी सारखी वाटणी हा उपाय सोपा खरा. परंतु दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात जे एक युनिट खातो, त्याच युनिटावर साधा पंखा सुमारे तेरा तास फिरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दिवसभर कचेरीत असणाऱ्या आणि शनिवारी गावी जाणाऱ्या गृहस्थास ही वाटणी का जाचते ते कळते. म्हणून जाणते लोक खोलीपुरता सबमीटर बसवतात. तथापि सबमीटर किती युनिटे जळली एवढेच सांगतो, त्यांचा दर सांगत नाही, आणि खरा पेच तेथेच आहे.

महावितरणची घरगुती आकारणी टप्प्याटप्प्याने चढणारी आहे: पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० पर्यंतचा बराच अधिक, आणि पुढे आणखी. समजा, हिशेबाच्या सोयीसाठी, पहिला दर पाच रुपये आणि दुसरा दहा धरला. घरच्या तिघांनी शंभर युनिटे वापरली आणि पाहुण्याच्या सबमीटरवर पन्नास दिसली, तर विजेची रक्कम हजार रुपये होते. मालक म्हणतो, तुम्ही आला नसता तर बिल पाचशेच आले असते, सबब वरचे पाचशे तुमचे. पाहुणा म्हणतो, सर्वांना मिळणारा स्वस्त दर मलाच का नाही, माझे अडीचशे. दोघांचीही बाजू तर्कशुद्ध आहे, आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो.

माझ्या मते येथे मालकाचा दावा लंगडा पडतो. कोणते युनिट आधीचे आणि कोणते नंतरचे, याची नोंद मीटर ठेवीत नाही; शिवाय ज्या पाहुण्याच्या येण्याने वरचा टप्पा लागला, त्याच्याच येण्याने भाडेही सुरू झाले, हे मालकास विसरता येत नाही. हजार रुपयांस दीडशे युनिटांनी भागून येणारा सरासरी दर, म्हणजे सुमारे सहा रुपये सदुसष्ट पैसे, दोघांनीही मानावा. त्याप्रमाणे पाहुण्याकडे तीनशे तेहतीस रुपये निघतात. घरगुती बिलावर आकारले जाणारे १६ टक्के विद्युत शुल्क त्याच प्रमाणात वाटले जाईल. स्थिर आकार मात्र खोली रिकामी असली तरी भरावाच लागतो. तो आणि मालमत्ता कर मालकाने आपल्या अंगावर घ्यावा, कारण घर त्याचे आहे. (भाडे ठरवताना त्याने तो धरलेलाच असतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) उलटपक्षी सामाईक फ्रीज, जिन्यातील दिवा व इंटरनेट यांचा खर्च माणशी वाटण्यास हरकत नाही, आणि स्वयंपाक दोघांचाही होत असेल तर १४.२ किलोच्या सिलिंडराचेही तेच.

हे सारे तोंडी ठरवून भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा व लीव्ह अँड लायसन्सचा करारनामा लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकावर असते, आणि तो नसल्यास अटींविषयी जागा घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पेइंग गेस्टला हे कलम थेट लागू होत नसले, तरी बिलाच्या वाटणीविषयी मोघम राहणे हे मालकासच अधिक महाग पडू शकते. तेव्हा पाहुणा सामान घेऊन येण्यापूर्वी वाटणीचे सूत्र करारनाम्यात घालावे, सबमीटरचा आरंभीचा आकडा दोघांनी मिळून टिपून घ्यावा, आणि दरमहा पैसे मागताना मूळ बिल पाहुण्याच्या हाती द्यावे.