पोलिसाचे मन आणि दोन बाण

धर्मापुरीसारख्या गावात भांडण मिटवावयास, अपघाताचा पंचनामा करावयास, बेवारस मृतदेहाशेजारी थांबावयास जो प्रथम येतो, तो पोलीस शिपाई. परळी वैजनाथच्या महाशिवरात्रीचा बंदोबस्त लागला की त्याला घरचा सण उरत नाही. या सर्वांचा त्याच्या मनावर काय परिणाम होतो आणि त्यावर उपाय काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. तिच्यापाठोपाठ शोक व द्वेष यांनी होरपळणे हा दुसरा. प्रशिक्षित मनालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र लागत नाही. पोलिसाच्या बाबतीत अपुरी झोप व लांबलेली पाळी हा पहिला बाण होय. मनात साचलेला राग, त्यावर उतारा म्हणून घेतलेले मद्य आणि घरच्यांवर निघणारा संताप हा दुसरा.

दुसऱ्या बाणापासून रक्षण करण्यास साधना उपयोगी पडते. श्वास व संवेदना तटस्थपणे पाहण्याचा सराव झाला की राग उठताच ओळखता येतो आणि हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबता येते. १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात एक हजारांहून अधिक बंदीजनांचे विपश्यना शिबिर झाले. कठोर वातावरणातही हे शिक्षण शक्य आहे, हे त्यातून दिसून आले.

परंतु पहिला बाण साधनेने निघत नाही. १९४६ साली कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारे विधेयक मजूर सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले. पोलीस त्या कायद्याच्या कक्षेत आला नाही. पुढे मुंबईचे पोलीस शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळीचा आराखडा सुचविला आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या कारकिर्दीत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात त्याचा प्रयोग सुरू झाला. विश्रांती ही मेहेरबानी नसून व्यवस्थेचे कर्तव्य आहे, हाच त्याचा अर्थ. थकलेल्या शिपायाला केवळ ध्यानाचा उपदेश करणे म्हणजे बाण तसाच ठेवून जखमेवर फुंकर घालणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दीर्घकाळ झोप न येणे, जीव नकोसा होणे ही आजाराची लक्षणे असून तेथे शिबिर हा उपचाराचा पर्याय नव्हे. धर्मापुरीच्या शिपायाला अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. २०२२ पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलताही येते. मदत मागण्याने वर्दीची शान कमी होत नाही. वैद्याकडे जाणारा दुबळा नसतो. तो बाण ओळखणारा असतो.