भोवरा आधी संगणकात शोधायचा

हृदयविकाराच्या झटक्यातून रुग्ण बचावतो, घरी येतो, हिंडूफिरू लागतो. मग प्रश्न येतो, छातीत डिफिब्रिलेटर बसवायचा का? ठोके जीवघेणे भरकटले, तर हे यंत्र विजेचा धक्का देऊन ते ताळ्यावर आणते. ते कुणाला बसवायचे, हे मुख्यतः 'इजेक्शन फ्रॅक्शन'वर ठरते. दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतले किती टक्के रक्त बाहेर फेकतो, याचा हा आकडा. तो ३५ किंवा त्याखाली असेल, तर सहसा यंत्राची शिफारस होते. पण हे माप पंपाचे आहे आणि बिघडते ते वायरिंग! त्यामुळे अनेकांच्या छातीतले यंत्र कधी चालतच नाही आणि आकडा बरा असलेले काही जण अचानक दगावतात.

झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूत वण राहतो. वणातून वीज जात नाही. मात्र त्याच्या कडेला तग धरून राहिलेल्या पेशींच्या चिंचोळ्या वाटा असतात. त्यांतून वीज रेंगाळत पलीकडे पोहोचते, तोवर तिथला स्नायू पुन्हा आकुंचन पावायला तयार झालेला असतो. मग वीज वणाभोवती भोवऱ्यासारखी फिरत राहते. भोवरा सुरू झाला की ईसीजीत दिसतो. आधी कसा ओळखायचा?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया त्रायानोव्हा यांच्या गटाने एमआरआयवरून रुग्णाच्या हृदयाची वणासकट त्रिमितीय प्रतिकृती संगणकात उभी केली. तिला ठिकठिकाणी जादा ठोके देऊन भोवरा उठतो का, हे पाहायचे. खऱ्या रुग्णावर असा प्रयोग जोखमीचा. इथे कितीही वेळा करा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४१ रुग्ण होते. ज्यांच्या प्रतिकृतीत भोवरा उठला, त्यांना धोका इतरांच्या चार-पाच पट निघाला. अर्थात रुग्ण थोडे आणि जुन्या नोंदींवरून केलेली ही पडताळणी, हे विसरून चालणार नाही.

कल्पना तशी जुनी आहे. १९६० मध्ये लंडनमध्ये डेनिस नोबल यांनी हृदयाच्या एकाच पेशीचे गणित संगणकावर मांडले होते. त्यासाठी त्यांना संगणक मिळे, तो पहाटे दोन ते चार!

त्रायानोव्हांच्या गटाने पुढे वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांकडे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनकडे मोर्चा वळवला. त्यावरच्या उपचारात नळीवाटे हृदयातल्या काही जागा जाळतात. नेमक्या कोणत्या, हे प्रतिकृतीत आधी ठरवून १० रुग्णांवर उपचार झाले. २०१९ च्या त्या अहवालानुसार पुन्हा उपचारासाठी यावे लागले ते एकालाच.