प्लॅटिनम इमारतीतली शाल

मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी एखाद्या काचेच्या आयटी कार्यालयात डोकावलं, तर खुर्च्यांच्या पाठीवर शाली आणि स्वेटर लटकलेले दिसतात. बाहेर अंग भाजून निघतंय आणि आत माणसं कुडकुडतायत. दर्शनी भिंतीवर हरित इमारतीची प्लॅटिनम पाटी असते. मानांकन देणाऱ्यांनी आतल्या माणसाचा विचारच केला नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. विचार झालेला असतो, अगदी दशांश चिन्हांपर्यंत. तो कुणाला विचारून झाला, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे तीन मानांकनं मुख्यतः चालतात: अमेरिकेतून आलेलं ‘लीड’, उद्योगांच्या सीआयआय या महासंघाने २००१ मध्ये सुरू केलेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं, आणि ‘टेरी’ या संशोधन संस्थेने घडवलेलं, २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारलं गेलेलं ‘गृह’. पुण्यातल्या हडपसरच्या सुझलॉन वन अर्थसारख्या संकुलाने लीडचं प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे असे दोन्ही मान मिळवले. तिन्हींमध्ये ऊर्जा, पाणी, साहित्य यांच्या जोडीला आतल्या वातावरणासाठी गुण असतात. लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतीच्या एकूण ११० गुणांपैकी ऊर्जेला ३३ आणि आतल्या वातावरणाला १६ गुण आहेत. त्या सोळांत हवा, उजेड, आवाज, खिडकीतून दिसणारं दृश्य असं सगळं येतं. उकाडा-गारठ्याच्या वाट्याला येतो एक गुण. एक!

तो एक गुण मिळवायचा कसा? इथे डेन्मार्कचे अभियंते ओले फँगर यांचं नाव घ्यावंच लागतं. नियंत्रित तापमानाच्या खोल्यांत बसवलेल्या लोकांवरच्या प्रयोगांतून त्यांनी एक सूत्र मांडलं. १९७० साली ते पुस्तकरूपाने आलं. हवेचं तापमान, भिंती-छतांतून येणारी धग, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल या सहा गोष्टी त्यात घातल्या की उणे तीन ते अधिक तीन अशा पट्टीवर उत्तर मिळतं. उणे तीन म्हणजे थंडी, अधिक तीन म्हणजे उकाडा, शून्य म्हणजे सुख. गंमत अशी, की शून्यावरही निदान पाच टक्के लोक नाराज राहतातच, हे खुद्द फँगर यांच्या सूत्रातच आहे. सगळ्यांना एकाच वेळी खूश करता येत नाही, हे त्यांनी गणितातच मांडून ठेवलं.

अडचण सूत्रात कमी आणि ते ज्या कागदावर सोडवलं जातं त्यात जास्त आहे. इमारत उभी राहण्याआधी संगणकावर हिशेब होतो. आत बसणारी बाई साडी नेसेल की जीन्स घालेल, डबा खाऊन लगेच बसेल की दोन जिने चढून येईल, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. २०१५ मध्ये दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कार्यालयांच्या मानकांमागचा शारीरिक उष्णतेचा आकडा मुळात एका सरासरी पुरुषाचा आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत तो जास्त धरला जातो. शालीचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

दुसरा आक्षेप आपल्या हवेशी थेट निगडित आहे. माणूस भोवतालच्या ऋतूला सरावतो, पंखा लावतो, खिडकी उघडतो, सैल कपडे घालतो. १९९८ मध्ये रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रॅगर यांनी जगभरच्या इमारतींतली माहिती एकत्र करून हे सरावणं आकड्यांत मांडलं. भारतासाठी ते काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून झालं. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या कार्यालयांत जाऊन, काम करणाऱ्यांनाच विचारून २०१४ मध्ये भारतीय प्रतिमान तयार झालं. बाहेरच्या गेल्या काही दिवसांचं सरासरी तापमान ३० अंश असेल, तर खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत २९ अंशांच्या आसपासही माणसं समाधानी असतात. गरजेपुरता एसी लावणाऱ्या इमारतीत हाच आकडा सव्वासव्वीसच्या घरात जातो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या प्रतिमानाला जागा मिळाली. तरीही आपली बहुतेक कार्यालयं बावीस अंशांना चिकटून आहेत. त्यामागे शास्त्र नाही, थाट आहे. थंडगार लॉबी म्हणजे श्रीमंती, हे समीकरण कुठल्याही संहितेपेक्षा जुनं.

राहायला आल्यावर लोकांना विचारण्याची सोयही मानांकनांत होती. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत तापमानाचं समाधान पडताळण्यासाठी वेगळा गुण होता: वापर सुरू झाल्यावर सहा ते अठरा महिन्यांत पाहणी करायची आणि वीस टक्क्यांहून जास्त लोक नाराज निघाले तर दुरुस्ती करायची. मला तो सगळ्यात शहाणा गुण वाटतो. पुढच्या आवृत्तीत नव्या इमारतींसाठी तो स्वतंत्रपणे उरला नाही.

अशा पाहण्यांचा मोठा साठा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या केंद्राकडे आहे. त्यांच्या वीस वर्षांच्या नोंदींत, सुमारे नऊशे इमारतींमधल्या नव्वद हजारांवर माणसांपैकी ३९ टक्के तापमानावर नाराज आहेत. त्याहून मोठी तक्रार ५४ टक्क्यांची: आपलं बोलणं शेजाऱ्याला ऐकू जातं! भिंती पाडून मोकळी कार्यालयं केल्याचं हे फळ. याच साठ्यातून २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लीड असलेल्या आणि नसलेल्या इमारतींतल्या माणसांच्या समाधानात म्हणावा असा फरक आढळला नाही. हरित इमारती वाईट आहेत, असा याचा अर्थ नव्हे. वीज-पाण्याची बचत वेगळी आणि माणसाचं सुख वेगळं, एवढाच तो अर्थ.

ब्रिटनमधल्या बिल बोर्डास आणि एड्रियन लीमन यांच्या ‘प्रोब’ पाहण्यांतून एक मजेशीर गोष्ट पुढे आली. खिडकी, पडदा, पंखा हातात असला, तर माणसं इमारतीचे बरेच दोष पोटात घालतात. रेग्युलेटर आपल्या हाताशी असला की उकाडा अर्धा होतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण सीलबंद काचांच्या इमारतीत नेमकी तीच सोय काढून घेतलेली असते.

कार्यालयाच्या खिडक्या आपण निवडत नाही. घराच्या निवडू शकतो, म्हणून घर घेणाऱ्याने पाटीच्या पुढे जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, जाहिरातीतलं मानांकन अंतिम आहे की नकाशांवरून मिळालेलं प्राथमिक. दुसरी, खिडक्या किती आणि त्या उघडतात किती. घरांसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश हवा. सहाशे फुटांच्या घराला शंभर चौरस फूट. पण दोन तावदानांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणून तिचा अर्धाच भाग धरतात. बिजागरीच्या खिडकीचा नव्वद टक्के. म्हणजे सरकत्या खिडक्यांनी हिशेब पुरा करायचा तर दोनशे चौरस फूट खिडक्या लागतील. सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना सोबत मोजपट्टी न्यायला हरकत नाही. विक्री प्रतिनिधी जरा वेळ गप्प होतो, पण चहा तरीही देतो.