संगणकाची दवंडी

मित्रांनो, आमचे आजोबा सांगतात, पूर्वी गावात कोतवाल डफडे वाजवत दवंडी द्यायचा. "ऐका हो ऐका!" म्हटले की बायाबापड्या हातातले काम टाकून दारात यायच्या. आधी लक्ष वेधायचे, मग निरोप सांगायचा, अशी ती रीत.

नाशिकला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. तो बोलत नाही, तरी पुराची वर्दी देतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर गोदावरीचा पूर ओळखतात.

संगणकाच्या पडद्यावरही अशी वर्दी देता येते. आपण एखादे पान वाचत असतो आणि कोपऱ्यात टुणकन एक चौकट उगवते. तिला पॉप-अप म्हणतात. ती कशी करतात, ते पाहू या.

तिला तिघे लागतात. पहिला एचटीएमएल. हा निरोप घेऊन उभा असलेला कोतवाल. दुसरा सीएसएस. कोतवालाचा पोशाख कोणता आणि त्याने उभे कुठे राहायचे, हे तो ठरवतो. तिसरी जावास्क्रिप्ट. "आता बोल, आता थांब" असे सांगणारा पाटील म्हणजे ही! ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली अवघ्या १० दिवसांत तयार केली.

चौकट आधीपासूनच पानावर असते. पण सीएसएस तिला सांगते, "तू दिसू नकोस." शिवाय तिची जागा पक्की करते. म्हणून पान वर-खाली सरकवले तरी चौकट जागची हलत नाही. वेळ आली की जावास्क्रिप्ट तिला दाखवते आणि घड्याळ लावते. वेळ संपली की पुन्हा लपवते.

आम्ही शाळेच्या संगणकावर एक चौकट केली. निरोप होता, "ओढ्याला पाणी आले आहे. फरशीवरून येऊ नये." चौकट ५ सेकंद दिसावी म्हणून आम्ही ५ आकडा लिहिला. पण चौकट काही दिसेना! मग गुरुजींनी सांगितले, की जावास्क्रिप्टचे हे घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजते. ५ सेकंदांसाठी ५००० लिहावे लागतात. तसे केले, आणि चौकट दिसली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे पालकसभेला शेजारची आजी आली. ती एकेक अक्षर लावून वाचते. "ओढ्याला पाणी..." इथवर आली आणि चौकट गेली! आजी म्हणाली, "बाळांनो, पुढं काय लिव्हलं व्हतं?" आम्ही ओशाळलो. फरशीवरून येऊ नये, हेच तर तिला कळायला हवे होते. मग आम्ही घड्याळ काढून टाकले आणि "वाचले" असे बटण ठेवले. ते दाबल्याशिवाय चौकट जात नाही.

दुसरी गोष्ट. ऊठसूट चौकट दाखवू नये. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. अमेरिकेत ईथन झुकरमन यांनी १९९०च्या दशकात जाहिरातीसाठी पॉप-अप लिहिले. पुढे लोक अशा जाहिरातींना इतके कंटाळले, की २०१४ साली त्यांनी त्याबद्दल माफी मागितली.

आणि तिसरी गोष्ट. आमची चौकट पान उघडे असेल तरच दिसते. पान बंद, तर कोतवाल मुका! म्हणून खऱ्या धोक्यासाठी दुसरी सोयही लागते. २०२३ साली आपल्याकडे सरकारने मोबाइलवर धोक्याच्या सूचनेची चाचणी घेतली. तेव्हा फोन अचानक मोठ्याने वाजले होते, आठवते ना? ती सूचना थेट मोबाइलच्या टॉवरवरून येते. तिला इंटरनेट लागत नाही.

तर मित्रांनो, चौकट सुंदर असावी हे खरे. पण आजीला पूर्ण वाचता आली, तरच ती दवंडी!

— इयत्ता सातवी