पाणी नर्मदेचे, वीज सूर्याची, कार्बन कोणाचा?

इंदूरच्या लालबागेतला होळकरांचा राजवाडा कान्ह नदीच्या काठी आहे; आजच्या इंदूरची तहान मात्र नर्मदेवर भागते. नर्मदा वाहते खाली निमाडात आणि शहर वसले आहे माळव्याच्या पठारावर, सुमारे 550 मीटर उंचीवर. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवर पाणी चढवायला पंपांना प्रचंड वीज लागते. त्यासाठीच इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोख्यांतून 244 कोटी रुपये उभे केले आणि जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

ही वीज तयार होताना धूर निघत नाही. धूर आधीच निघून गेलेला असतो. पॅनेलमधले सिलिकॉन गारेतून काढतात. विजेच्या भट्टीत गार आणि कोळसा सुमारे 2000 अंशांपर्यंत तापवले की कार्बन गारेतला ऑक्सिजन खेचून घेतो आणि वायुरूपाने बाहेर पडतो. पुढे शुद्धीकरण, स्फटिक वाढवणे, पातळ चकत्या कापणे, सगळ्याला वीज हवी. जगातली बहुतेक पॅनेल चीनमध्ये बनतात आणि तिथली वीज मुख्यतः कोळशाची. म्हणजे पॅनेल आपल्याकडे येते तेच कार्बनचे कर्ज घेऊन.

कर्ज किती? आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या 2014 च्या अहवालात मोठ्या सौर प्रकल्पांचा मध्यम अंदाज युनिटमागे 48 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका आहे, कोळशाचा 820. एक किलोवॅटची पॅनेल वर्षाला साधारण 1400 युनिट देतात असे धरले, तर 25 वर्षांच्या आयुष्याचे एकूण कर्ज 1680 किलो होते. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो; तेवढा दरवर्षी वाचला की पावणेदोन वर्षांत फेड पूर्ण. नव्या पॅनेलचे कर्ज याहून कमीच असते.

पण 48 हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही. कर्ज ठरलेले असते, ते वाटले जाते युनिटांवर. पॅनेलवर धूळ साचली, किंवा ती दहाव्या वर्षीच उतरवली, की प्रत्येक युनिटचा वाटा वाढतो. त्यामुळे पॅनेल धुणाऱ्या कामगाराचे काम मला अभियंत्याच्या कामाइतकेच मोलाचे वाटते. पाण्याच्या पंपांची आणखी एक सोय आहे: दिवसा पाणी चढवून टाक्यांत साठवता येते, तेवढ्यापुरती बॅटरी आणि तिचा वेगळा कार्बन टळतो.

फ्रान्समध्ये सौर निविदांत पॅनेलच्या कार्बन ठशालाही गुण असतात. आपल्या महापालिकांनीही दरासोबत हा आकडा मागावा. नागरिकांच्या पैशातून पॅनेल घेताना ती कुठल्या विजेवर बनली, हे विचारायलाच हवे.