बामणोलीहून वासोट्याला

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून वासोटा किल्ल्यावर जायचं तर साताऱ्याहून पहाटेच निघा. कासमार्गे बामणोली सुमारे ३५ किलोमीटर. तिथे वनखात्याची परवानगी काढायची, मग बोट ठरवायची. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून सात-आठ जण जमवलेले बरे. पाण्यावरचा दीड तास हाच मला या सहलीचा गाभा वाटतो: दोन्हीकडे पाण्यापर्यंत उतरलेलं रान आणि पाणी खाली गेलं की काठाला उघडी पडणारी तांबड्या मातीची पट्टी. धरणात गेलेली गावं याच पाण्याखाली आहेत. उकडलं तरी लाइफ जॅकेट काढू नका. हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान, मुक्कामाला मनाई, अंधाराआधी परतायचंच. पावसाळ्यात वाट बंद.