एकूण नग कुणाच्या खात्यावर?

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात पाच व्हीएमसी मशीन रांगेत उभ्या आहेत. शिफ्ट संपताना नगांचा हिशेब देणारा प्रोग्राम मालकाच्या मुलाने पायथनमध्ये लिहिला. पहिल्या चाचणीत प्रत्येक मशीनपुढे तिचेच नग आले आणि कारखान्याचं एकूण आलं शून्य. एरर एकही नाही.

प्रोग्राममध्ये ‘मशीन’ हा क्लास; त्याची पाच ऑब्जेक्ट. जॉब ज्याचा त्याचा, पण ‘एकूण नग’ सगळ्यांत मिळून एक, म्हणून तो क्लासच्या पातळीवर ठेवलेला. घोळ होता तो आकडा वाढवण्याच्या ओळीत. तिथे ‘सेल्फ’च्या नावाने एक मिळवला होता. अशा वेळी पायथन जुना आकडा क्लासकडून वाचतं आणि नवा त्या ऑब्जेक्टवर ठेवतं. क्लासमधलं शून्य जागचं हलत नाही. जावात स्टॅटिक आकडा असा वाढवला असता तर सामायिकच वाढला असता, त्यामुळे तिकडून आलेले इथे हटकून फसतात.

बिघाडांच्या यादीचं नेमकं उलटं झालं. रिकामी यादीही क्लासमध्येच होती. दोन नंबरवर टूल तुटल्याची नोंद ‘अपेंड’ केली, तर ती पाचही मशीनवर दिसू लागली. अपेंडने नवी यादी बनत नाही, असलेल्या यादीतच भर पडते. आणि ती तर सगळ्यांची एकच. प्रत्येक ऑब्जेक्ट घडताना, ‘इनिट’मध्ये, त्याची वेगळी यादी करायला हवी होती.

मशीन लावणाऱ्या सेटरला हे चटकन उमगलं. फॅनुक कंट्रोलच्या मॅक्रोत #१ ते #३३ हे व्हेरिएबल लोकल, त्या कॉलपुरते. #१०० पासूनचे कॉमन, सगळ्या प्रोग्रामना तेच. त्यातले #१०० ते #१९९ वीज गेली की सहसा पुसले जातात, #५०० पासूनचे टिकतात.

“मग तुझं एकूण शंभरवालं की पाचशेवालं?”

शंभरवालंच. प्रोग्राम बंद झाला की क्लासमधला आकडाही गेला. फाइलीत उतरवला तरच सकाळी हाती लागतो.

दुरुस्तीसाठी क्लास मेथड आली. तिला ‘सेल्फ’ऐवजी क्लास मिळतो, आणि तेच योग्य: आज एकूण किती, हे एखाद्या मशीनला कशाला विचारायचं? पण पुढे टर्निंग सेंटर आलं, त्याचा उपक्लास झाला आणि तोच सापळा एक मजला वर निघाला. मिळालेला क्लास उपक्लास असेल, तर नवा आकडा त्याच्यावरच बसतो. म्हणून त्या ओळीत आता थेट ‘मशीन’ हेच नाव आहे.